युनोस रोडस्टर घेताना आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनमधल्या हॅरोत राहता, बजेट सहा हजार पौंड, जपानहून आलेली 1991 ची युनोस रोडस्टर (म्हणजे इथली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5, दोन सीटांची उघडी गाडी) मनात भरली आहे, विकणारा 'मायलेज कमी, गंज अजिबात नाही' म्हणतोय, आणि पुढेमागे परत गेलात तर ती पुण्याला नेता येईल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही नेता येणार. भारतात आणायची जुनी गाडी उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली लागते. म्हणजे ही इथेच चालवायची आणि इथेच विकायची, हे धरूनच हिशेब मांडा.

हिशेबात दुसरा काटा आहे तो युलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचं शुल्क घेणाऱ्या लंडनच्या पट्ट्याचा. ऑगस्ट 2023 पासून सगळं लंडन त्यात आलंय, हॅरोसुद्धा. 1991 ची गाडी त्या निकषात बसत नाही, त्यामुळे घरासमोरून काढली की त्या दिवसाचे साडेबारा पौंड गेले, शनिवार-रविवारीही. दर रविवारी एक चक्कर म्हटली तरी वर्षाला साडेसहाशे. गाडीला 40 वर्षं झाली की 'हिस्टॉरिक' वर्गात नोंद करून यातून सुटका होते, पण तुमच्या गाडीला त्यासाठी एप्रिल 2032 उजाडेल. लंडनबाहेर स्लाउ किंवा वॉटफर्डकडे कुणा मित्राकडे गॅरेज मिळत असेल तर बघा, मी गंमत करत नाहीये.

एवढं ऐकूनही हौस टिकली असेल तर आता मुद्द्यावर येतो. या गाडीत पैसे मोजायचे ते पत्र्यासाठी. इंजिन दणकट आहे, सुटे भाग मुबलक आहेत, पण सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) कुजले की कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागतो आणि दोन्ही बाजूंचं काम नीट करून घेतलं तर बिल हजाराच्या वर सहज जातं. त्यामुळे मायलेज कमी आणि पत्रा संशयास्पद असलेल्या गाडीपेक्षा दुप्पट चाललेली पण पत्र्याने खणखणीत गाडी मी डोळे झाकून घेईन.

गंज कुठे धरतो? मागच्या चाकाच्या लगेच पुढे, दाराखालचा सिल जिथे संपतो तिथे. कारण साधं आहे. कापडी टपावर पडलेलं पाणी सीटांच्या मागच्या पन्हळीत येतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली निघून जातं. नळ्यांत पाला-माती अडकली की पाणी तुंबतं आणि पत्रा आतून खायला सुरुवात होते. बाहेरून रंग चकचकीत असतो तेव्हा आत भुगा झालेला असू शकतो. म्हणून जाताना पाण्याची बाटली न्या. विकणाऱ्याला विचारून त्या कोपऱ्यात थोडं पाणी ओता आणि खाली वाकून बघा. मागच्या चाकापुढे लगेच धार लागली तर उत्तम. पाणी आत गायब झालं, किंवा सीटमागचा कार्पेट ओला लागला, तर समजून जा.

मग फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक सिलवरून आणि चाकाच्या कमानीवरून फिरवा. चिकटता चिकटता एका जागी सुटलं तर तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरली आहे. खालून नुकताच काळा डांबरासारखा थर मारलेला दिसला तर मी तरी जास्तच सावध होतो, कारण त्याखाली काहीही झाकता येतं. घरबसल्या आधी एक काम करा: नंबर टाकून एमओटीचा (गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीचा) जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघा. 'कोरोजन'चा (गंजाचा) शेरा दोन-तीन वर्षं येऊन अचानक नाहीसा झाला असेल तर दुरुस्तीचे फोटो मागा. मायलेजचे आकडेही तिथेच जुळवा. जपानी गाड्यांचा मीटर किलोमीटरचा असतो, तो मैलांचा करताना काय काय घडलं हे कागदाशिवाय कळत नाही.

'जपानहून आली म्हणजे गंज नाही' यावर विसंबू नका. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ तिकडे असताना कमी लागलं असेलही, पण इथे आल्यावर किती हिवाळे काढले ते विचारा.

इंजिनबद्दल फार लिहीत नाही. 1.6 लिटर, साधारण 115 ते 120 अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, म्हणून पळते झकास. सुरू केल्यावर वरून टिकटिक आली तर घाबरू नका, हायड्रॉलिक टॅपेट असतात, तेल बदललं की बऱ्याचदा थांबते. टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत, हा मोठा दिलासा. एकच गोष्ट मात्र बघाच. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड होतं, तिथला पुलीचा बोल्ट ढिला झाला की पुली धरून ठेवणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते आणि क्रँक वाया जातो. 1991 हे नेमकं बदलाचं वर्ष, त्यामुळे पुलीवरच्या खाचा मोजा: चार असतील तर जुना क्रँक, आठ असतील तर नवा. जुना असला म्हणून सोडू नका, इंजिन चालू असताना पुली डुगडुगत नाही ना एवढं बघा.

डिकीत उजव्या कोपऱ्यात बॅटरी असते. तिथे साधी बॅटरी बसवली असेल आणि वायू बाहेर नेणारी नळी जोडलेली नसेल तर खालचा पत्रा तपासा. आणि टप विकणाऱ्यालाच खाली करायला सांगा. मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची चेन न उघडता त्याने टप दुमडला, तर त्याने बाकीची गाडी कशी वापरली असेल याचा अंदाज येतो.

खाली प्रतिक्रियांत कुणीतरी हिच्याऐवजी सुझुकी कॅप्युचिनो ही छोटी जपानी उघडी गाडी सुचवली आहे. 657 सीसी टर्बो, दिसायला गोजिरी, मलाही मोह होतो. पण पहिलीच जुनी गाडी असेल तर नको. एमएक्स-5 चे भाग इथे कुठलाही स्पेशालिस्ट दोन दिवसांत देतो, कॅप्युचिनोचा एखादा पॅनेल शोधण्यात महिने जातात.

इसार देण्याआधी विम्याचा कोट घ्या, इथलं लायसन्स नवीन असेल तर आकडा बघून दचकाल. आणि सिलची दोन्ही टोकं, सीटमागचे कोपरे, डिकीतला बॅटरीचा कोपरा आणि पुली, एवढे फोटो मागवून इथे टाका. बघून सांगतो जायचं की नाही ते.