वाचकांचे प्रश्न : जुने कॉल न मोडता प्रोसीजरला नवा पॅरामीटर

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर आमचे विक्री अहवालाचे एक प्रोसीजर (डेटाबेसात साठवलेला, नावाने कॉल करायचा प्रोग्राम) ग्राहक क्रमांक आणि वर्ष घेते. आता त्यात शाखाही हवी आहे. काउंटरवरचे सॉफ्टवेअर आणि रात्रीचा जॉब दोन्ही तेच प्रोसीजर वापरतात आणि सगळे एकाच दिवशी बदलणे शक्य नाही. काय करावे?

उत्तर : शाखेचा पॅरामीटर (कॉल करताना प्रोसीजरला द्यायची किंमत) यादीच्या शेवटी टाका आणि त्याला 'नल' (किंमतच नाही) हे डिफॉल्ट द्या, म्हणजे कॉलने काही दिले नाही तर तेच धरले जाईल. नल म्हणजे सर्व शाखा, म्हणजे अहवाल आजवर जे दाखवत होता तेच. डिफॉल्ट ठरवताना नव्या स्क्रीनची सोय पाहू नका, जुन्या कॉलला काल काय मिळत होते ते पाहा.

जुने कॉल बहुधा नावे न लिहिता नुसत्या क्रमाने किमती देतात, म्हणून जागा शेवटचीच. शाखा मध्ये घुसवली, की वर्षासाठी दिलेला 2024 शाखेत जाऊन बसतो. वर्षाला डिफॉल्ट नसेल तर निदान 201 क्रमांकाची एरर तरी येते. डिफॉल्ट असेल तर तीही नाही. अहवाल चुकीचा किंवा रिकामा येतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

आधी प्रोसीजर बदला, मग कॉल करणारे प्रोग्राम. उलटे केले तर जुने प्रोसीजर जादा पॅरामीटर नाकारते (एरर 8144 किंवा 8145). बदल 'अल्टर' या आहे तेच बदलणाऱ्या आज्ञेने करा. ड्रॉप करून (काढून टाकून) पुन्हा बनवले तर दिलेल्या परवानग्या जातात. आतली अट 'शाखा नल आहे किंवा कॉलम शाखेइतका आहे' अशी लिहाल, तेव्हा क्वेरीच्या शेवटी 'ऑप्शन रीकंपाइल' (दर वेळी नवा प्लॅन, म्हणजे क्वेरी चालवायची पद्धत, ठरवण्याची सूचना) जोडा. नाहीतर दोन्ही प्रकारच्या कॉलना एकच प्लॅन मिळतो आणि एका शाखेसाठीही अख्खे टेबल वाचले जाते.

आणि एक, जे हटकून राहून जाते: निकालात शाखेचा कॉलम वाढवू नका. रात्रीचा जॉब 'इन्सर्ट-एक्झेक'ने निकाल टेबलात भरत असेल, तर कॉलमची संख्या न जुळल्याने तो 213 ची एरर देऊन थांबेल.

प्रश्न : ग्राहकाची माहिती बदलणाऱ्या प्रोसीजरमध्ये फोन ऐच्छिक आहे. नल आला तर फोन पुसायचा की आहे तसा ठेवायचा?

उत्तर : डिफॉल्ट नल असेल तर 'दिलाच नाही' आणि 'मुद्दाम नल दिला' यांतला फरक प्रोसीजरला कळत नाही. नल म्हणजे 'हात लावू नका' असे ठरवा आणि पुसण्यासाठी वेगळा बिट (0 किंवा 1) पॅरामीटर ठेवा, डिफॉल्ट 0. डिफॉल्ट नलऐवजी दुसरे काही असेल तेव्हा कॉल करणाऱ्या सी शार्प प्रोग्राममध्ये सांभाळा: पॅरामीटरची किंमत साधी नल ठेवली तर डिफॉल्ट लागू होते, 'डीबीनल' दिली तर खरोखरचा नल पोहोचतो.

प्रश्न : पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये फंक्शनला नवा पॅरामीटर जोडण्याचा हाच बदल 'क्रिएट ऑर रिप्लेस'ने (नसेल तर बनवा, असेल तर बदला) केला. एरर नाही, पण जुन्या कॉलना नवे लॉजिक लागूच होत नाही.

उत्तर : पॅरामीटरची यादी बदलली की पोस्टग्रेस जुने फंक्शन बदलत नाही, त्याच नावाचे दुसरे बनवते. दोन किमतींचा कॉल मग डिफॉल्टची गरज नसलेल्या जुन्याकडेच जातो. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होते किंवा काहीच नाही) जुने ड्रॉप करा, नवे बनवा आणि परवानग्या पुन्हा द्या. एखादा व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) जुन्यावर अवलंबून असेल तर ड्रॉप अडेल. तिथे 'कॅस्केड' (अवलंबून असलेलेही काढा) लिहून मोकळे होऊ नका, तो व्ह्यूही उडेल.