तुमचा आराखडा परत का आला असावा

तुम्ही नऊ वर्षं मोबाइल, ॲप आणि आता एआय या विषयांवर बातमीदारी केलीत. ‘एआयबाबत माध्यमं लोकांची दिशाभूल करतात’ असा पीएच.डी.चा आराखडा दिलात आणि मार्गदर्शक म्हणाल्या, हा तर मोठा लेख झाला. मीही टेक बीट सोडूनच संज्ञापन संशोधनात आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाईंचं म्हणणं मला पटतं. ‘दिशाभूल करतात’ हे उत्तर झालं, प्रश्न अजून सापडायचाय. बातमीदारीत आपल्याला आधी वास येतो, मग आपण पुरावे जमवतो. इथे काय आढळलं तर आपलं म्हणणं खोटं ठरेल, हे आधीच कागदावर यावं लागतं. मला याची सवय व्हायला वर्ष लागलं.

माझ्या पहिल्या आशय विश्लेषणात (म्हणजे ठरलेल्या निकषांवर बातम्या वाचून नोंदी करण्याच्या कामात) बातमी ‘कंपनीच्या प्रेसनोटवर आधारित’ आहे की नाही, एवढंच नोंदवायचं होतं. मला वाटलं, पहिला परिच्छेद वाचला की कळतं. त्याच वीस बातम्या एका सहाध्यायाला स्वतंत्रपणे वाचायला दिल्या. एका नव्या फोनच्या बातमीत बॅटरी, कॅमेरा, किंमत सगळं प्रेसनोटमधलं आणि शेवटी एका बाहेरच्या तज्ज्ञाचं एकच वाक्य. मी ‘हो’ लिहिलं, त्याने ‘नाही’. त्याने विचारलं, “किती मजकूर प्रेसनोटचा असला की ‘हो’ म्हणायचं, हे कुठे लिहिलंय?” कुठेच नव्हतं, ते फक्त माझ्या डोक्यात होतं. त्यानंतर कोडबुक, म्हणजे काय कसं नोंदवायचं याची नियमावली, चारदा नव्याने लिहिलं. दोन कोडरांचं, म्हणजे अशा नोंदी करणाऱ्यांचं, कितपत जुळतं हे ‘क्रिपेनडॉर्फचा अल्फा’ या आकड्याने मोजतात. तो ०.८०० किंवा वर असेल तर निश्चिंत, ०.६६७ च्या खाली गेला तर निष्कर्ष काढूच नयेत.

माध्यम संशोधक मॅक्सवेल मॅकॉम्ब्स हेही आधी बातमीदारच होते. त्यांनी आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल गावातल्या, मत अजून न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे मुद्दे कोणते ते विचारलं. मग तो क्रम माध्यमांनी कशाला किती जागा दिली याच्याशी ताडून पाहिला. माध्यमं चांगली की वाईट हा प्रश्नच घेतला नाही. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला तो छोटासा निबंध ‘अजेंडा सेटिंग’चा, म्हणजे कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमं ठरवतात या सिद्धांताचा, पाया ठरला. तुमचा प्रश्न इतका आटोपशीर व्हायला हवा. उदाहरणार्थ, नव्या एआय मॉडेलच्या घोषणेनंतर पहिल्या ४८ तासांतल्या बातम्यांत कंपनीबाहेरचे स्रोत किती असतात, आणि महिन्याभराने ते प्रमाण बदलतं का?

इथे तुमची नऊ वर्षं खरी कामाला येतील. एम्बार्गो (ठरलेल्या वेळेआधी बातमी न छापण्याची अट) कसा चालतो, ब्रीफिंगला कोणाला बोलावतात, रिव्ह्यूसाठी फोन आधी कोणाच्या हातात पडतो, हे बाहेरून आलेल्या संशोधकाला कळायलाच दोन वर्षं जातात. बातम्यांत जे छापून येत नाही ते तुम्ही पाहिलंय.

पण जुन्या ओळखींबाबत फार जपा. बातमीदार म्हणून कानावर आलेलं ‘ऑफ द रेकॉर्ड’ बोलणं तुमचा डेटा होत नाही. त्याच माणसाकडे संशोधक म्हणून पुन्हा जायचं, नैतिकता समितीची मंजुरी आणि त्याची संमती घेऊन. काही जण नाही म्हणतील. मला अगदी जवळच्या एका सोर्सने नकार दिला, आणि तो मान्य करणं हे माझं कामच होतं.

डेटासाठी एखाद्या प्लॅटफॉर्मच्या भरवशावर राहू नका. ट्विटरचा (आताचं एक्स) संशोधकांसाठीचा मोफत एपीआय, म्हणजे डेटा थेट उतरवून घेण्याची सोय, २०२३ मध्ये बंद झाला; फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या पोस्टचा माग घेणारं मेटाचं क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मध्ये. ज्यांचे प्रबंध त्यांवर उभे होते त्यांची फार ओढाताण झाली. बातम्यांचा संग्रह आजपासूनच तारखेनिशी स्वतःकडे ठेवा.

बाईंकडे परत जाताना नवा आराखडा नेण्याची घाई करू नका. वीस बातम्या, दोन पानांचं कोडबुक आणि दुसऱ्या कोणीतरी भरलेला तक्ता न्या. जिथे तुमचं दोघांचं जुळलं नाही, त्या ओळींवर खुणा करून ठेवा. बोलणं तिथूनच सुरू होईल.