फोन केले म्हणजे अपील झालं नाही

न्यू जर्सीहून एका बाबांचा प्रश्न आलाय. मुलगा सायकलवरून पडला, हनुवटी फाटली, ईआरमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, चार टाके पडले. बिलावर उपचाराचा कोड लागला 13131, म्हणजे कॉम्प्लेक्स रिपेअर, गुंतागुंतीची जखम शिवणं. इन्शुरन्सने 12 मार्चच्या पत्रात "नोंदींवरून हा कोड बसत नाही" म्हणून क्लेम नाकारला, आता हॉस्पिटल सगळे पैसे तुमच्याकडे मागतंय. असे मेसेज मला दर आठवड्याला येतात.

कोडच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम वाटते. डॉक्टरांची नोट तुम्ही पाठवलीत, त्यात 2 सेंटीमीटर, 6-0 नायलॉनचा बारीक दोरा, एकाच थरात चार टाके, एवढंच आहे. चेहऱ्यावर अडीच सेंटीमीटरपर्यंत एकाच थरात शिवलं तर 12011, आतला थरही शिवला असता तर 12051. कॉम्प्लेक्ससाठी आतला थर शिवून वर आणखी काही लागतं, हाड उघडं पडलं, जखमेच्या कडा कापून काढल्या, त्वचा खालून बरीच सोडवून घेतली, असलं काही. नोटमध्ये त्यातलं काहीच नाही.

पण सगळं अडलंय ते पत्राच्या मागच्या पानावर. अपीलला, म्हणजे हा नकार परत तपासा असं इन्शुरन्सला कळवायला, 180 दिवस! पत्र मिळाल्यापासून मोजतात, पण कधी मिळालं ते तुम्ही कसं दाखवणार, म्हणून पत्राच्या तारखेपासूनच धरा, म्हणजे 8 सप्टेंबर. आज 24 ऑगस्ट आहे. पाच महिने तुम्ही हॉस्पिटलच्या बिलिंगला फोन करत बसलात, ते "बघतो" म्हणाले की तुम्ही निवांत, आणि पत्र पडलं ड्रॉवरमध्ये. अहो, ते अपील नाही, आणि हॉस्पिटल म्हणजे इन्शुरन्स नाही! तुमचा प्लॅन नोकरीतला, त्याला एरिसा, म्हणजे नोकरीतल्या प्लॅन्सचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा, लागतो, उद्या कोर्टात गेलात तर आधी विचारतील इन्शुरन्स कंपनीकडे अपील केलं होतं का, नसेल तर बहुतेकदा तिथेच संपतं, मग कोड कितीही चुकीचा असो.

म्हणून बाकीच्या कागदांची वाट बघू नका. एक पानी पत्र लिहा, क्लेम नंबर टाका, नोट जोडा, नोटप्रमाणे 12011 बसतो आणि कोडिंगच्या चुकीचा भार पेशंटवर येऊ नये एवढं म्हणा. फॅक्स करा आणि सर्टिफाइड मेलनेही पाठवा, दोन्ही पावत्या ठेवा. त्याच दिवशी हॉस्पिटलला लेखी कळवा, कोड दुरुस्त करून क्लेम परत पाठवा आणि तोवर बिल कलेक्शनला, म्हणजे वसुलीवाल्यांकडे, देऊ नका. डॉक्टर नेटवर्कमधले, म्हणजे इन्शुरन्सशी करार केलेले, असतील तर कदाचित हे पैसे तुमच्याकडे मागताच येणार नाहीत, ते त्यांच्या करारावर आहे. उत्तर द्यायला इन्शुरन्सला साधारण 60 दिवस मिळतात, आलं की ते पत्र मला पाठवा, त्याच दिवशी.