मुलगी विमान-अपघातांचा तपास करायचं म्हणतेय

प्रश्न : माझी मुलगी एरोनॉटिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जून २०२५ मध्ये अहमदाबादचा अपघात झाल्यापासून तिनं एकच धोशा लावलाय, अपघातांचा तपास करणारी अधिकारी व्हायचंय. अशी नोकरी मिळते कशी? आणि सतत मृत्यूच बघायचा असेल, तर आई म्हणून मी होकार द्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी नोकरीचं उरकतो. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी संचालनालयात एअर सेफ्टी ऑफिसरची पदं यूपीएससीमार्फत भरतात, जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. २०१२ पासून अपघातांच्या तपासासाठी एएआयबी (एअरक्राफ्ट अ‍ॅक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो) हा वेगळा सरकारी विभाग आहे. विमान कंपन्यांचेही सुरक्षा विभाग असतात. पण पास झाल्या झाल्या कुणी अपघातस्थळी पाठवत नाही. आधी काही वर्षं हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त होतात त्या शेडमध्ये, हात काळे करू देत.

आता कामाचं. माझा पहिला तपास दोन आसनी शिकाऊ विमानाचा होता, ज्वारीच्या शेतात उतरलेल्या. दोघंही वाचले होते, एकाचा पाय मोडला होता. गावात विचारलं तर चौघांनी छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, वरच पेटलं होतं." आग तर कुठंच नव्हती. हवेत आग लागली तर काजळी वाऱ्याच्या दिशेनं मागे ओढली जाते. इथं पत्रा लख्ख होता. माणसं खोटं बोलत नाहीत, पण विमान पडलं म्हणजे ते पेटलंच असणार, असं त्यांचं मन चित्र पूर्ण करून टाकतं.

माझे साहेब थेट प्रोपेलरपाशी जाऊन उकिडवे बसले. एक पातं मागे वाकलेलं, दुसरं सरळ. इंजिन जोरात फिरत असतं, तर दोन्ही पाती पिळवटली असती, त्यांवर आडवे ओरखडे दिसले असते. म्हणजे जमिनीला टेकण्याआधीच इंजिन गप्प झालं होतं. मग टाकीचं झाकण उघडलं. आत कोरडं.

मी फुशारकीनं अहवालात लिहिलं, कारण : वैमानिकाचा नेग्लिजन्स, म्हणजे निष्काळजीपणा. साहेबांनी तो शब्द लाल शाईनं खोडला आणि समासात लिहिलं, "इंधन मोजायची पट्टी कुठे आहे?" शोधलं तर पट्टी कधीच मोडली होती, आणि त्या संस्थेत सगळेच टाकीत डोकावून अंदाजानं उडत होते. माझा अहवाल तिथंच थांबला असता, तर पुढच्या महिन्यात दुसरा मुलगा दुसऱ्या शेतात उतरला असता. आमच्या धंद्याचा आंतरराष्ट्रीय नियम, शिकागो कराराचं परिशिष्ट १३, हेच सांगतो : तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी, दोष ठरवण्यासाठी नव्हे. कायद्याचं काम कायदा करेल.

मुंबईकरांना १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवत असेल. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' विमान दोनेक मिनिटांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. लोकांनी लगेच घातपात ठरवून टाकला. निघालं काय, तर विमान कुठल्या बाजूला कललंय हे कॅप्टनला दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. विमान डावीकडे कलत होतं आणि ते वेगळंच दाखवत होतं. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नाही. माणूस विश्वास ठेवणार कशावर?

मंगळूरचा विमान-अपघात, २२ मे २०१०. १५८ मृत्यू. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटमधले आवाज टिपणाऱ्या रेकॉर्डरवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. उतरताना सहवैमानिकानं 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर घ्या, म्हणून सुचवलं, एकदा नव्हे, तीनदा. वर्तमानपत्रांना घोरणं मिळालं. मला मात्र त्या तीन वेळा रेंगाळलेल्या आवाजाचं वाटतं. त्याच्याही पुढ्यात कंट्रोल होते, पण वरिष्ठांच्या हातून विमान घेण्याचा धीर झाला नाही. तो धीर प्रशिक्षणातून यायला हवा, आणि तसं लिहिणं हे आमचं काम.

अहमदाबादबद्दल मला रोज कुणीतरी विचारतं. मी बोलत नाही. ज्यानं तुकड्यांना हात लावलेला नाही त्यानं गप्प राहावं, टीव्हीवर तर नक्कीच.

राहिला मृत्यू. खोटं सांगणार नाही, तो घरी येतो. विमानाचं इंधन म्हणजे शेवटी घासलेटाचंच भावंड. एका मोठ्या अपघाताहून परतल्यावर घरात स्टोव्ह पेटला की मी उठून गॅलरीत जायचो. कधी काही बोललो नाही. महिन्याभरानं बघतो तर हिनं स्टोव्ह भंगारात देऊन टाकलेला. आता अधिकाऱ्यांना समुपदेशन मिळू शकतं, आमच्या वेळी चहा मिळायचा. मुलगी या नोकरीत शिरली, तर तिच्या गप्प बसण्याकडे लक्ष ठेवा.

होकाराचं तुम्हीच ठरवा. त्याआधी तिला एक काम द्या. घरात दूध उतू गेलं, की ते का गेलं, हे एका पानावर लिहायला सांगा. कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द वापरायचा नाही. पान झालं की मला पाठवा. लाल पेन अजून आहे माझ्याकडे.