गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब आणि उपकरणांचे उपचार

प्रश्न : माझ्या आईचे वय ६३ वर्षे आहे. अकरा वर्षांपासून तिला उच्च रक्तदाब असून सध्या तीन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, तरीही दवाखान्यात मोजला की तो १६४/९६ च्या आसपासच भरतो. गुडघेदुखीखेरीज दुसरी तक्रार नाही. मूत्रपिंडाच्या धमनीत नळी घालून तेथील नसा जाळल्या की गोळ्या कायमच्या सुटतात, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून आईने तोच ध्यास घेतला आहे. हा उपचार करून घ्यावा का? मूत्रपिंडाला इजा तर होणार नाही ना? — एक वाचक, कराड

उत्तर : हा उपचार खरा आहे, गोळ्या कायमच्या सुटतात हे मात्र खरे नाही, आणि आईंनी त्याच आशेवर त्याला होकार देऊ नये असे मला मनापासून वाटते.

मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीच्या बाहेरच्या आवरणात बारीक चेतातंतूंचे जाळे असते. मेंदूकडून येणारे संदेश त्यांच्यातून मूत्रपिंडापर्यंत पोहोचले की शरीरात मीठ आणि पाणी साठून राहते, रेनिन हे संप्रेरक वाढते आणि रक्तदाब चढतो. उलट दिशेने मूत्रपिंडाकडून मेंदूकडे जाणारे संदेशही सगळ्या शरीरातील रक्तवाहिन्या आवळून धरण्यास हातभार लावतात. जांघेतील धमनीतून बारीक नळी मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत नेऊन, रेडिओ लहरींच्या किंवा श्राव्यातीत (अल्ट्रासाउंड) लहरींच्या उष्णतेने हे तंतू निकामी करणे एवढाच हा उपचार आहे. प्रत्यारोपण करताना मूत्रपिंडाचे हे सर्व तंतू तुटतात आणि तरीही ते मूत्रपिंड वर्षानुवर्षे काम करते, त्यामुळे केवळ तंतू गेल्याने मूत्रपिंड बिघडेल ही भीती नको. जांघेत रक्त साकळणे हा त्यातल्या त्यात आढळणारा त्रास आहे. धमनी पुढे अरुंद होणे शक्य असले तरी विरळ आहे.

लाभ किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०६ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांत वरचा आकडा ३२ ने उतरला, तेव्हा जगभर मोठी आशा निर्माण झाली. मात्र त्या चाचणीत आपल्यावर उपचार झाला की नाही हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होते. त्यानंतर अमेरिकेत ५३५ रुग्णांवर चाचणी झाली. तिच्यात काहींची फक्त अँजिओग्राफी केली गेली, आणि आपल्यावर नेमके काय झाले हे कळू नये म्हणून गुंगीचे औषध देऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून रुग्णांना संगीत ऐकवले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा उपचार झालेल्यांचा वरचा आकडा सरासरी १४ ने, तर न झालेल्यांचाही जवळजवळ १२ ने उतरलेला होता! चाचणीत आहोत म्हटल्यावर माणसे गोळ्या नेमाने घेतात, जिभेवर ताबा ठेवतात. बराचसा उतार त्याचाच असावा. पुढे नळीची रचना सुधारली, धमनीच्या फांद्यांपर्यंत उष्णता पोहोचू लागली आणि अधिक काटेकोर चाचण्यांत खरा फरक दिसला. तो साधारण ४ ते ६ अंकांचा होता. त्या आधारावर नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने दोन्ही प्रकारच्या उपकरणांना मान्यता दिली. पक्षाघाताचा धोका कमी होण्याच्या दृष्टीने ४–६ अंकही मोलाचे आहेत, पण १६४ चा आकडा तेवढ्याने १३० वर येणार नाही.

म्हणून आधी आईंचा रक्तदाब खरोखरच औषधांना दाद देत नाही का, हे पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांना मी घरातील सगळ्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगतो आणि ती टेबलावर रिकामी करतो. रक्तदाबाच्या महिनाभरापूर्वीच्या पाकिटातील निम्म्या गोळ्या तशाच असतात आणि शेजारी गुडघ्यांसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकाची रिकामी पाकिटे असतात. ही वेदनाशामके मीठ-पाणी साठवतात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम बोथट करतात. आईंच्या गुडघेदुखीचा उल्लेख वाचून मला हीच शंका प्रथम आली. घरी दंडावरच्या यंत्राने, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यावर, सकाळी व संध्याकाळी दोनदा, असे सात दिवस मोजून सरासरी काढावी. ती १३५/८५ च्या खाली असेल तर प्रश्न दवाखान्यातील धास्तीचा आहे. तीनपैकी एक गोळी लघवी वाढवणारी आहे का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या अ‍ॅल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. चौथे औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन अनेकांना चांगले लागू पडते; मात्र त्यासोबत रक्तातील पोटॅशियम तपासत राहावे लागते.

एवढे करूनही आकडा उतरला नाही आणि मूत्रपिंडांची गाळणक्षमता चांगली असेल, तर हा उपचार नियमित करणाऱ्या अनुभवी हृदयरोगतज्ज्ञांशी अवश्य बोलावे. गोळ्या त्यानंतरही चालूच राहतील, हे आईंना आधीच समजावून सांगावे.

प्रश्न : वडिलांनी मनगटावर चुंबकीय पट्टा बांधून रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांपासून बंद केल्या आहेत. चालेल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : अजिबात चालणार नाही. आजच त्यांचा रक्तदाब मोजावा आणि डॉक्टरांशी बोलून गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात. काही गोळ्या एकाएकी थांबवल्या की रक्तदाब उसळी घेतो. चुंबकाने रक्तदाब उतरतो याला विश्वासार्ह आधार नाही. त्यांच्या समाधानासाठी पट्टा राहू द्यायला हरकत नाही, पण पेसमेकर बसवलेला असेल तर पट्टा लगेच काढून ठेवावा.