आजोबांना आरती येते, पण पाणी मागता येत नाही

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. काहीही विचारलं तरी 'बरं का, बरं का' एवढंच म्हणतात. पण गणपतीची आरती अख्खी म्हणतात! काका म्हणतात, नाटक करतात. मला यातलंच शिकायचंय. आई म्हणते, नर्सिंग कर.

उत्तर : आधी काकांना सांग, हे नाटक नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की अनेकदा मनातल्या गोष्टीला शब्द सापडत नाही. तोंडपाठ आरती, पाढे, शिवीसुद्धा मात्र बऱ्याचदा आपोआप बाहेर पडते. शब्द हरवण्याच्या या अवस्थेला वाचाघात किंवा अफेजिया म्हणतात. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांकडे असाच रुग्ण आला होता. त्याच्या तोंडून 'टॅन'शिवाय जवळजवळ काही निघत नसे, समजायचं मात्र बरंच.

तुला हवा तो कोर्स बीएएसएलपी, म्हणजे स्पीच थेरपी आणि ऐकण्याच्या तपासणीची पदवी. बारावी सायन्सनंतर इंटर्नशिप धरून चार वर्षं. हे शिकवणारी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, मैसूरला 'आयिश' ही वाचा-श्रवणाची संस्था. कॉलेज कुठलंही घे, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना ते बघ. प्रवेशाची रीत सगळीकडे एक नाही, तेव्हा माहितीपत्रक नीट वाच.

एक गोष्ट मुलांना उशिरा कळते : यात निम्मा अभ्यास कानाचा आहे. ध्वनीचं फिजिक्स, ऐकण्याच्या तपासण्या, श्रवणयंत्रं. फिजिक्स नकोसं असेल तर आत्ताच विचार कर. आईचंही चुकत नाही. नर्सिंगची नोकरी तालुक्यातही मिळते. स्पीच थेरपिस्टच्या जागा बहुतेक शहरात. गावाकडे स्वतःचं क्लिनिक उघडलंस, तर बोलायला उशीर झालेली मुलंच जास्त येतील. पण मला विचारशील तर मराठीत थेरपी देणारी माणसं हवीतच. शेतात आयुष्य गेलेल्या माणसाला टोस्टरचं चित्र दाखवून काय उपयोग? त्याला खुरपं, तांब्या, भाकरी दाखवायला हवी.

आजोबांना बरं करायचं म्हणून मात्र येऊ नकोस. तू शिकून येईपर्यंत वाट कशाला बघायची, त्यांना आत्ताच थेरपिस्टकडे न्या. तूही सोबत जा, परवानगी घेऊन चार दिवस कोपऱ्यात बस. एकच शब्द पन्नास वेळा ऐकून कंटाळा येतो का, ते कळेल.

तोवर घरी 'काय हवंय?' विचारू नकोस. चहाचा कप आणि ताकाचा पेला दोन्ही समोर धर. त्यांचा डावा हात हलेपर्यंत थांब, मधे शब्द पुरवू नकोस.