मासे ठणठणीत आणि शैवाळ मरतंय? आधी बादली उलटी करून बघा

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. १६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, सम्प (खालची वेगळी गाळणीची टाकी) नाही, तीन प्रकारचं शैवाळ मुख्य टाकीतच. कॉलर्पा काचेसारखी पारदर्शक होऊन गळाली, कीटोमॉर्फाचा गोळा हातात घेतला की त्याचा चुरा होतो, लाल ग्रॅसिलेरिया नारिंगी पडली, सातपैकी पाच गोगलगायी काचेवरून खाली पडून मेल्या. क्लाउन फिशची जोडी मात्र व्यवस्थित खाते, फिरते. दुकानदार म्हणतो नायट्रेटचा घोळ आहे, पाणी बदलत राहा, आणि तुम्ही तीन आठवड्यांत पाच वेळा बदललंत. शेवटी जाताजाता एक ओळ लिहिलीत : घरची संत्र्याची बाग आहे, टाकी कोठीशेजारच्या खोलीत ठेवली आहे.

त्या एका ओळीमुळं हे लिहायला बसलो. तुमचं दुखणं तेच असेल अशी खात्री मी दुरून देऊ शकत नाही. मी केमिस्ट नाही, मोर्शीकडचा बागायतदार आहे. पण आज पाणी बदलू नका. निदान त्याच बादलीनं, त्याच ड्रमनं तर नकोच.

क्षारता, तापमान, लाईट किती तास, हे सगळं तुम्ही पाहिलंच असणार, त्यात जात नाही. आधी कॉलर्पाचं बोलू, कारण बहुतेक जण तिथंच चुकतात. कॉलर्पाची अख्खी वेल ही एकच पेशी असते, आत हजारो केंद्रकं, मधे भिंती नाहीत. ती प्रजननाला लागली की पोटातलं सगळं पाण्यात सोडून देते आणि मागं पांढरं कवच उरतं. हे एका रात्रीत होतं, बहुधा पहाटे. पाणी हिरवट दुधाळ होतं, ऑक्सिजन घसरतो, मासे वर येऊन धापा टाकतात. पण त्यात फक्त कॉलर्पा जाते. शेजारची कीटो आणि ग्रॅसिलेरिया तशीच राहते. तुमच्याकडं उलट झालंय. हिरवं, लाल, गोगलगायी, सगळं हळूहळू चाललंय आणि मासे मात्र धडधाकट. शैवाळ आणि गोगलगायी मारून माशांना हात न लावणारी गोष्ट म्हटली की माझ्या डोक्यात पहिलं नाव तांब्याचं येतं. आणि संत्र्याच्या घरात तांबं म्हणजे मोरचूद, बुरशीसाठी झाडांना लावतात ते निळं कॉपर सल्फेट.

आता माझं सांगतो. माझी टाकी २०० लिटरची. चार वर्षं नोकरीनिमित्त रत्नागिरीला होतो, तिथं खडकांवरचं शैवाळ भरती-ओहोटीत पाहायची सवय लागली. गावी परतलो तेव्हा ते डोळ्यांसमोर हवं म्हणून टाकी केली. प्रवाळाच्या फंदात पडलो नाही, तुम्हीही पडू नका. दगडी प्रवाळ आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, कोणी कितीही खात्रीनं विकत असला तरी. शैवाळाची टाकी त्यापेक्षा कमी सुंदर असते असं ज्याला वाटतं, त्यानं लाटेत हलणारी ग्रॅसिलेरिया एकदा नीट पाहावी.

दोन वर्षं टाकी सुरेख चालली. तिसऱ्या वर्षी जूनच्या मध्यापासून शैवाळ फिकं पडायला लागलं. मी काय केलं? तुम्ही केलंत तेच. आठवड्याला २० लिटर पाणी बदलायचो, ते ४० केलं. प्रत्येक बदलानंतर दोन दिवसांनी टाकी आणखी वाईट दिसायची आणि मी समजायचो की अजून पुरेसं पाणी बदललं नाही. औषध म्हणून जे पाजत होतो तेच विष होतं. ही माझी सगळ्यात मोठी चूक, आणि तिची किंमत माझ्या टाकीनं चार महिने मोजली. उपाय केल्यावर दुखणं वाढत असेल तर आधी उपायावर संशय घ्यायचा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आरओच्या पाण्याचा टीडीएस ८ यायचा. बादलीत घेऊन मोजला तरी ८-९. म्हणून पाण्यावर संशयच घेतला नाही. पण टीडीएस मीटर सगळे क्षार मिळून एक आकडा देतो. लिटरला ०.१ मिलिग्रॅम तांबं त्यात कुठं दिसणार? शैवाळाला आणि गोगलगायींना मात्र ते पुरतं.

तरी जुलैअखेर शंका आली म्हणून पाणी तपासायचं ठरवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक प्रयोगशाळा आहे, नाव घेत नाही. पहिल्या खेपेला टाकीचं पाणी नेलं, तर खारं पाणी आमच्याकडं होत नाही म्हणून परत पाठवलं. ठीक, ते मी समजू शकतो. दुसऱ्या खेपेला बादलीत रात्रभर ठेवलेलं आरओचं पाणी नेलं, तर बाटली त्यांच्याकडची हवी म्हणाले. बाटल्या शिल्लक नव्हत्या, सोमवारी या. तिसऱ्या खेपेला नमुना घेतला आणि रिपोर्ट यायला जवळजवळ महिना गेला. रिपोर्टात तांब्यापुढं एकच शब्द : 'मर्यादेत'. आकडा नाही. मी विचारलं, किती निघालं? उत्तर मिळालं, पिण्यास योग्य आहे, अजून काय पाहिजे. मीही घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, पाणी निर्दोष आहे.

पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. समुद्री माशांच्या अंगावरची कीड मारायला वेगळ्या टाकीत तांब्याचं औषध देतात, त्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते आणि त्या मात्रेत गोगलगायी, कोळंबी वाचत नाहीत. म्हणजे माणसाला 'मर्यादेत' असलेलं पाणी माझ्या टाकीला त्या औषधाच्या सातआठपट कडक असू शकतं. यंत्रात आकडा आलेला होता, कोणीतरी तो पाहूनच 'मर्यादेत' लिहिलं होतं. तो एक आकडा कागदावर उतरवला असता तर माझा सप्टेंबर तरी वाचला असता. तिथल्या माणसांवर कामाचा ताण असेल, मला मान्य आहे, पण शंका घेऊन तीन वेळा एसटीनं आलेल्या माणसाला आकडा नाकारायचं काही कारण नव्हतं. तुम्ही कुठंही तपासणी करा, पैसे भरायच्या आधीच विचारा : आकडा लिहून देणार का, आणि तुमचं यंत्र कमीत कमी किती पकडतं?

उलगडा ऑक्टोबरात झाला. बागेला पावसाळ्यानंतरचा बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा, हात द्यायचा होता. आमचे जुने सालदार अंगणात उभे राहून आईला विचारत होते, "वैनी, ते बोर्डोची बादली कुठी गेली? जूनपासून दिसून नाई राह्यली." मी खोलीतून ते ऐकलं. माझ्या हातात तीच निळी बादली होती, मीठ विरघळवत होतो.

झालं असं होतं की जूनमध्ये झाडांच्या बुंध्यांना बोर्डोमलम लावून झाल्यावर आईनं बादली साबणानं स्वच्छ घासली आणि चांगली बादली शेतात कशाला म्हणून माझ्या खोलीत आणून ठेवली. तिनं चांगल्या मनानंच केलं. आतून बादली लख्ख होती. उलटी केली तर काठाच्या खालच्या वळचणीत आणि कडीच्या भोकात निळसर पापुद्रा बसलेला. मीठ घालून पंप लावून मी रात्रभर पाणी घोळत ठेवायचो, काठावरून उड्या मारणारं पाणी दर आठवड्याला त्यातलं थोडं थोडं सोडवून नेत होतं.

थोडं किती, याचा हिशेब तुमच्या टाकीला लावून बघा. मलमाला १० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूदात साधारण चौथा हिस्सा तांबं. म्हणजे एक मिलिलिटर मलमात २५ मिलिग्रॅम. ते सगळं १६० लिटरमध्ये उतरलं तर लिटरला ०.१५ मिलिग्रॅमच्या वर, औषधाची पूर्ण मात्रा. चुन्यासोबत बसलेलं तांबं सगळं एकदम विरघळत नाही, म्हणूनच ते महिनोन्‌महिने पुरतं. चहाचा चमचाभर पापुद्राही लागत नाही.

तर आता करायचं काय. बादली, ड्रम, मग, नळी, ढवळायची काठी, सगळं उलटंसुलटं करून उन्हात बघा. निळं-हिरवं काही दिसलं तर ती वस्तू परत शेतात, धुऊन वापरायचा मोह नको. आणि नाही दिसलं तरी नवी खाद्यदर्जाची बादली घ्या, तिच्यावर जाड मार्करनं 'मासे' लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. मग तांब्याचं किट मागवा. घरगुती किट फार कमी प्रमाण पकडत नाहीत, त्यामुळं शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, पण काहीही रंग आला तर उत्तर मिळालं. टाकीत ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि मिळालं तर पॉलीफिल्टर (धातू शोषून घेणारं गाळणीचं पॅड) टाका. तांबं ओढलं की हे पॅड निळं पडतं, त्यामुळं तो पुरावाही होतो. आणि मग नव्या बादलीनं मोठे पाणीबदल.

वाळू आणि दगडांबद्दल माझं मत कडक आहे, इथले काही जुने सदस्य सहमत होणार नाहीत. चुनखडीची वाळू आणि दगड तांबं धरून ठेवतात आणि नंतर सोडत राहतात. मी वाळू सगळी काढली, दगड बदलले. आधी वाचवायचा प्रयत्न करून दोन महिने घालवले होते. तुमचं तीन आठवड्यांचंच आहे, कदाचित कार्बनवर भागेल. पण नवं शैवाळ एकदम भरू नका. कीटोची एक मूठ आणि एक गोगलगाय सोडा, तीन आठवडे बघा.

या काळात नायट्रेट शून्यावर नेण्याच्या मागं लागू नका. दुकानदारांची ही शिकवण प्रवाळाच्या टाक्यांची आहे. शैवाळ नायट्रेट-फॉस्फेट खाऊनच जगतं, मी नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतो आणि ते खाली गेलं की माशांना जरा जास्त खाऊ घालतो. विषातून उठलेल्या शैवाळाला उपाशी ठेवलं तर ते तसंही मरेल.

उन्हाळ्यात चिलर घ्यावा का असंही तुम्ही विचारलंत. माझ्या मते आपल्या भागात गरज नाही. मेमध्ये बाहेर ४५ असताना हवा इतकी कोरडी असते की पाण्यावर साधा पंखा लावला तरी तीनचार अंश उतरतात. फक्त उडालेलं पाणी रोज आरओच्या गोड पाण्यानं भरा, खाऱ्या नाही. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप तयार ठेवा. पण कोणी जुन्या एसीची तांब्याची नळी टाकीत फिरवायला सांगितली तर त्याचं ऐकू नका, कारण आता तुम्हाला माहीत आहे.

आणि बदललेलं खारं पाणी कुठं ओतता? २० लिटरमध्ये जवळजवळ ७०० ग्रॅम मीठ असतं. मी पहिल्या वर्षी कुंपणाजवळच्या संत्र्याच्या आळ्यात ओतत होतो, ते झाड पानं जाळून बसलं. आता घराच्या पक्क्या नालीत सोडतो. तुमच्या बागेलाही ते पाणी नको.

माझी टाकी परत उभी राहायला मार्च उजाडला. डिसेंबरात थंडीत एका सदस्यानं थर्माकोलच्या डब्यात ओल्या कागदात गुंडाळून मूठभर कीटो आणि ग्रॅसिलेरियाचा बोटभर तुकडा पाठवला होता. आता ग्रॅसिलेरिया इतकी झाली आहे की दर पंधरा दिवसांनी कापावी लागते. तुमचे तीन आठवडे नीट गेले, गोगलगाय काचेवर चढलेली दिसली, की मला कळवा. मोर्शीहून वरूडच्या बसनं डबा तुमच्यापर्यंत पोचवायची सोय मी करतो, पैसे नकोत. तोवर बादलीच्या काठाच्या खालच्या बाजूचा फोटो इथं टाका, दिवसाच्या उजेडात, जवळून.